खुर्ची उलटी कर, मग बोल

बाबांचं गिरगावात पॉलिशचं दुकान होतं. दुकान कसलं, चाळीच्या जिन्याखालची अंधारी खोली. चपडी लाख, स्पिरिट आणि जुन्या लाकडाचा वास इतका मुरलेला की आई म्हणायची, यांच्या आधी यांचा सदरा घरी येतो. दुरुस्तीला जुनं सामान यायचं, त्यातलं बरंचसं पारशी घरांमधलं. एखादं गिऱ्हाईक आपल्या खुर्चीचं कौतुक सांगायला लागलं की बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "उलटी करा, मग बोलू." आम्हा मुलांनाही तेच, फक्त अरे-तुरेत. वरून सगळ्याच खुर्च्या राजाच्या दिसतात, खरं काय ते बैठकीखाली कळतं, असा त्यांचा हिशेब.

अशीच दुरुस्तीला आलेली एक खुर्ची मालक न्यायला परत आलेच नाहीत. शिसवी लाकूड, ढालीच्या आकाराची पाठ, ढालीच्या मधोमध कोरलेला कलश आणि त्यावरून सोडलेली माळ, पुढचे पाय चौकोनी आणि खाली निमुळते होत गेलेले. घरात तिचं नाव 'ढालवाली'. वेताची बैठक उचलून काढता यायची आणि ती जरा सैल होती. बसलं की टक् आवाज व्हायचा. बाबांनी तिथे काड्यापेटीचा पुठ्ठा घडी करून कोंबला होता. माझा दहावीचा सगळा अभ्यास त्या टक् आवाजावर झाला.

बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचता वाचता कळलं की ही ढालीची पाठ जॉर्ज हेपलव्हाइट नावाच्या लंडनच्या सुताराच्या नावाने ओळखली जाते. तो १७८६ मध्ये वारला आणि दोन वर्षांनी त्याच्या बायकोने त्याच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. असली नमुन्यांची पुस्तकं आणि तसल्या घडणीचं सामान कंपनीच्या जहाजांतून आपल्याकडे आलं आणि इथल्या सुतारांनी बघून बघून तसं घडवलं. म्हणजे आमची ढालवाली ही नकलेची नक्कल, कारण हेपलव्हाइटही मुळात ग्रीक-रोमन कलशांची नक्कलच करत होता. गेल्या सप्टेंबरात नणंदेकडे लंडनमधल्या हाउन्स्लोला गेले, तेव्हा सहा दिवस मोकळे मिळाले. वन्संना म्हटलं, मला राजवाडा नको, मला खुर्च्या बघायच्यात.

बुधवार

हाउन्स्लोहून ऑस्टर्लीचा वाडा हाकेच्या अंतरावर. पिकॅडिली लाइनने एक-दोन स्टेशनं आणि मग वीसेक मिनिटांची चाल. वन्सं वीस वर्षं तिथे राहतात, पण या वाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. "बागेत येतो गं फिरायला, आत कोण जातंय," म्हणाल्या. आपणही मुंबईत टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून भेळ खातो, वर चढून ते डोरिक खांब कोण बघतं?

वाडा मुळात सोळाव्या शतकातला, चारही कोपऱ्यांवर विटांचे बुरूज. पुढे तो चाइल्ड नावाच्या सावकार घराण्याकडे आला. १७६१ पासून त्यांनी तो रॉबर्ट अॅडम या वास्तुकाराकडून नव्याने सजवून घेतला. अॅडम स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीचा. १७५४ मध्ये तो इटलीला गेला. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या दोन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेईचं १७४८ मध्ये सुरू झालेलं, त्यामुळे रोमन माणसं प्रत्यक्ष राहायची त्या घरांच्या भिंती, दिवे, तिवया नुकत्या मातीतून वर येत होत्या. तोवर सगळ्यांना रोमन देवळं ठाऊक होती, रोमन दिवाणखाना नव्हता. तो माल डोक्यात भरून अॅडम १७५८ मध्ये परत आला आणि पुढची तीस वर्षं तो श्रीमंतांच्या भिंतींवर उतरवत राहिला.

आधीची फॅशन होती रोकोको. शिंपले, वेलांट्या, डावं एक तर उजवं भलतंच. अॅडमकडे सगळं तोलून मापून: मधे कलश, दोन्हीकडे सारख्या माळा, मेंढ्याची तोंडं, गोल चकत्यांत फुलं, खाचा पाडलेले सरळ पाय. हीच ती नवअभिजात शैली. लग्नात डोलीभोवतीच्या गर्दीतून निघून एकदम देवघरात यावं तसं वाटतं. वाड्याच्या दिवाणखान्यात छत आणि गालिचा एकाच घडणीचे आहेत. वर जी नक्षी तीच खाली, जणू छताची सावली जमिनीवर रांगोळी होऊन पडलीय. वन्संनी आधी मान वर केली, मग खाली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, याला बायकोने एवढी शिस्त लावली असेल का गं?"

जेवणाच्या खोलीत जेवणाचं टेबलच नाही. खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभ्या. तेव्हाची रीत तशीच होती. घडीची टेबलं बाहेर ठेवलेली असत, जेवणाच्या वेळी नोकर आत आणून मांडत आणि उरकलं की उचलून नेत. आपल्याकडे पाट मांडून उचलतात तसंच. भिंतीवर कापड किंवा पडदे नाहीत, नुसतं गिलाव्याचं काम, कारण कापडात जेवणाचा वास मुरतो हे अॅडमने स्वतःच लिहून ठेवलंय. ते वाचून मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. बोंबलाचा वास पडद्यात कसा राहतो, हे सांगायला गिरगावकरणीची गरज नाही.

खुर्च्यांच्या पाठीत लायर आहे, वीणेच्या कुळातलं ते ग्रीक वाद्य. अशा घडणीचं काम इथे जॉन लिनेल नावाच्या कारागिराने केलं. मी दोरीपलीकडून उकिडवी बसले आणि मान वाकडी करून बैठकीखाली बघायला लागले. देखरेखीला बसलेल्या आजी लगबगीने आल्या. मी म्हटलं, माझे वडील फर्निचरवाले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही पहिल्या नाही, पण दोरी ओलांडू नका." खाली अंधारच होता.

मग राजेशाही पलंग. सन १७७६. आठ खांब, वर घुमट, घुमटाभोवती रेशमी फुलांच्या माळा. चाइल्ड घराण्याच्या पेढीची पाटी झेंडूच्या जातीच्या फुलाची होती, म्हणून पलंगावरही तीच फुलं पेरलेली. सावकाराने आपल्या अंथरुणावर दुकानाची पाटी लावावी, याला हिंमत लागते. होरेस वॉलपोल हा तेव्हाचा मोठा टोमणेमार माणूस. त्याने आधी या वाड्याची तोंड भरून स्तुती केली होती, पण १७७८ मध्ये हा पलंग बघून तो म्हणाला की टोप्या शिवणारणीने सजवलेला घुमट बघून जुन्या रोमन वास्तुकाराला काय वाटलं असतं! मला त्याचं पटलं. खांबांची सगळी शिस्त वर जाऊन मुंडावळ्यांत संपलीय.

त्यापुढची एट्रस्कन खोली त्याला त्याहून नावडली, पण मला तीच आवडली. फिक्या आभाळी रंगावर काळ्या आणि विटकरी रंगात नाजूक चित्रं, जुन्या मातीच्या भांड्यांवर असतात तशी. खुर्च्याही त्याच रंगात रंगवलेल्या. आत खूप गारवा आणि जरा पोरकेपणा. वॉलपोल म्हणाला होता, राजवाड्यातून कुंभारवाड्यात आल्यासारखं वाटतं. एट्रस्कन म्हणजे रोमनांच्या आधीचे इटलीतले लोक. गंमत म्हणजे ती भांडी एट्रस्कन नव्हतीच. इटलीतल्या थडग्यांत सापडली म्हणून लोकांनी एट्रस्कन ठरवली, प्रत्यक्षात बरीचशी ग्रीक. चुकीच्या नावाने एक अख्खी फॅशन उभी राहिली. आणि भिंतीवरचं ते काम थेट भिंतीवर नाही, कागदावर रंगवून, कागद कॅनव्हासवर चिकटवून मग भिंतीला लावलेलं. जवळून बघितलं की कळतं. लांबून ग्रीस, जवळून खळ.

वाड्यात चिनी लाखेचं सामान आणि घराण्याच्या मुद्रेची चिनी भांडीही आहेत. चाइल्डांचं ईस्ट इंडिया कंपनीशी नातं होतं, घरातला एक जण तिचा संचालक होता. या शिस्तीच्या खोल्यांचा खर्च कुठकुठून निघाला असेल, तो हिशेब बँकवालीच्या डोक्यातून सुटत नाही.

गुरुवार

आज एकटीच. वॉलेस कलेक्शन, मँचेस्टर चौकातलं जुनं घर, तिकीट नाही. हा सगळा खजिना लेडी वॉलेसने १८९७ मध्ये देशाला दिला आणि १९०० मध्ये तो लोकांसाठी उघडला. इथे फ्रेंच सामान. इंग्रजी आणि फ्रेंच कामात फरक विचाराल तर इंग्रज लाकडाला बोलू देतात, फ्रेंच त्याला दागिने घालतात.

झाँ-आँरी रीझनेर. नाव फ्रेंच, माणूस जर्मन. पॅरिसला येऊन ओबेन या कारागिराच्या हाताखाली शिकला, ओबेन वारल्यावर त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि कारखाना हातात घेतला. पुढे राजाचा सुतार झाला. इथे त्याने १७८३ मध्ये राणी मारी आँत्वानेतच्या पेती त्रियानों या व्हर्सायमधल्या छोट्या वाड्यासाठी केलेलं एक लिहिण्याचं कपाट आहे, उभं, पुढची फळी खाली पाडली की मेज होतं. मी त्याच्यासमोर चाळीस मिनिटं तरी होते.

आधी नजर जाते ती सोनेरी कामावर. फुलांचे हार, एकेक पाकळी निराळी. हे सोनं कसं चढवत? सोनं पाऱ्यात कालवून तो लेप पितळेच्या कामावर लावायचा आणि तापवायचं. पारा धूर होऊन उडून जातो, सोनं राहतं. धूर जातो तो कारागिराच्या छातीत. असं काम करणारे लवकर मरत. आपल्याकडेही मुलामा देणारे हेच करायचे. बाबांच्या ओळखीचा एक जण होता, त्याचे हात सतत कापायचे, चहाची बशी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागे.

पण खरी गोष्ट लाकडात आहे. कपाटाच्या अंगावर चौकड्यांची जाळी, पातळ लाकडी पापुद्रे कापून एकात एक बसवलेली. आज ती सगळी मधाच्या, चहाच्या रंगाची दिसते आणि आपण म्हणतो, वा, काय सात्त्विक रंग! तो रंग रीझनेरचा नाहीच. त्या काळी हे पापुद्रे रंगात भिजवत: हिरवे, निळे, लाल, पिवळे. नव्या कोऱ्या कपाटावरची फुलं पैठणीच्या पदरासारखी झगझगीत असायची. अडीचशे वर्षांच्या उजेडाने सगळं उडालं. खणांच्या आत, जिथे उजेड पोचला नाही, तिथे अशा सामानात मूळ रंगाची खूण सापडते. नवअभिजात शैली म्हणजे संयम, फिका रंग, साधेपणा ही आपली समजूत निम्मी उन्हाची करणी आहे.

बाबा पॉलिश करताना हँडल काढायचे आणि त्याखालचा गोल बोटाने दाखवायचे. "हा बघ, लाकडाचा खरा रंग. बाकी सगळं ऊन." तेव्हा ते वाक्य मी ऐकून सोडून दिलं होतं.

क्रांती झाल्यावर १७९३-९४ मध्ये व्हर्सायचं सामान लिलावात निघालं. रीझनेरने आपल्याच हातच्या काही वस्तू परत विकत घेतल्या, पुढे चांगला भाव येईल म्हणून. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. १८०६ मध्ये तो गेला.

या घरात सोन्याच्या तपकिरीच्या डब्याही आहेत, त्यातल्या काहींवर ब्लारेनबर्ग या चित्रकाराची तळहातात मावणारी चित्रं. एका डबीवर एका सरदाराचा अख्खा वाडा, बाग, माणसं. भिंग काढून बघितलं तर माणसाला नाकसुद्धा होतं. तपकीर ओढायला एवढं!

शुक्रवार

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, म्हणून दुपारी उशिरा गेले. खाली टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, त्याच्याभोवती शाळेची मुलं. मला वर जायचं होतं, लघुचित्रांच्या दालनात.

तिथे उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कारण जलरंग उडतात. डोळे सरावायला दोन मिनिटं लागली. मग समोरच्या खणात एकेक चेहरा उमलायला लागला, अंड्याएवढा, कधी रुपयाच्या नाण्याएवढा.

ही चित्रं हस्तिदंतावर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने ही युक्ती रूढ केली, त्याआधी वासराच्या कातड्यावर काढत. हस्तिदंताचा पापुद्रा इतका पातळ की उजेड आरपार जातो. अंगचा तेलकटपणा रंग धरू देत नाही, म्हणून तो घासून, उन्हात ठेवून आधी तयार करायचा. मग गोंद मिसळलेल्या पाण्याच्या रंगाने ठिपका ठिपका टाकत चेहरा आणायचा. गालाच्या जागी चित्रकार जवळजवळ काहीच करत नाही, हस्तिदंत मोकळं सोडतो. तीच त्वचा. कधी मागे चकचकीत वर्ख लावतात, म्हणजे उजेड आत जाऊन परत फिरतो आणि चेहऱ्यावर जिवंतपणा येतो. हिऱ्याच्या मागे सोनार वर्ख लावतात, तीच कल्पना.

जॉन स्मार्टच्या चित्रापुढे मी थबकले. हा चित्रकार १७८५ ते १७९५ मद्रासला राहिला, कंपनीच्या साहेबांची आणि अर्काटच्या नवाबाची चित्रं काढली. त्या दहा वर्षांतल्या चित्रांवर तो आपली आद्याक्षरं आणि साल लिहून खाली 'आय' हे अक्षर लिही, इंडियासाठी. केसाएवढ्या रेषेचं ते अक्षर भिंगाशिवाय दिसत नाही. मद्रासच्या त्या दमट हवेत हस्तिदंत वाकतं, रंगावर बुरशी येते, आणि हा माणूस साहेबाच्या भुवईचा एकेक केस काढत बसलाय. जे गोरे तिथे मेले, त्यांचं घरी काय परत गेलं असेल, तर हे.

आणि मागची बाजू! लॉकेटच्या पाठीला काचेखाली त्या माणसाचे केस, वेणी घालून किंवा गव्हाच्या ओंबीसारखे मांडून. पुढे चेहरा, मागे खरंच त्याच्या अंगाचा तुकडा. बाबांना हे दाखवायला हवं होतं. उलटं करूनच बघायची वस्तू. एका खणात नुसते डोळे होते. एकच डोळा, भुवई, अंगठीत किंवा पिनवर. वेल्सच्या राजपुत्राने १७८५ च्या सुमारास, जिच्याशी गुप्तपणे लग्न करणार होता तिला, स्वतःचा डोळा रिचर्ड कॉसवेकडून काढून पाठवला आणि ती फॅशन झाली. डोळा कोणाचा ते फक्त घालणारीला ठाऊक. मला मात्र दृष्ट काढायची आठवण झाली.

ऑस्टर्लीच्या खोल्यांत मी चकित झाले होते, पण गलबलले नव्हते. इथे गलबलले. ते कलश, माळा, खांब मोठे केले की त्यात नाटक येतं. तीच शैली सुपारीएवढी केली की तिला खोटं बोलायला जागाच उरत नाही.

याच संग्रहालयाकडे विशाखापट्टणमचं कामही आहे: इंग्रजी घडणीच्या पेट्या, वर हस्तिदंताचे पापुद्रे, त्यावर कोरून काळी लाख भरलेली नक्षी. काही पेट्या तर घराच्या आकाराच्या, कौलांसकट. तिथल्या सुतारांनी इंग्रजी घडण आपली करून टाकली. आमच्या ढालवालीच्या या चुलत बहिणी.

शनिवार

पोर्टोबेलो रोड. शनिवारी सकाळी जुन्या वस्तूंचे ठेले. भुरभुर पाऊस, वन्सं छत्री धरून, मी भिंग घेऊन.

एका ठेल्यावर ओळीने बायका: पांढऱ्या केसांचे टोप, मोठ्या टोप्या, गळ्याशी जाळी. खाली सही कॉसवे. चौकट पांढऱ्या पट्ट्यांची. किंमत साठ पौंड. भिंग लावलं तर गालावर ठिपके दिसले, पण हाताचे नाहीत, छापाचे. वर्तमानपत्रातल्या फोटोला असतात तसे, ओळीने. आणि त्या पांढऱ्या पट्ट्या जुन्या पियानोच्या पट्ट्यांच्या. धंद्यात याला 'डेकोरेटिव्ह' लघुचित्र म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी प्रवाशांना विकायला अशी ढिगाने झाली. फसवणूक म्हणावी तर सगळ्यांना ठाऊक असते. मला तर ती जरा आवडलीसुद्धा, चौपाटीवरच्या चांदण्यातल्या फोटोसारखी. दुसऱ्या एकाकडे खरं हस्तिदंती चित्र होतं. मी कागद विचारला. इंग्लंडात जून २०२२ पासून हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, १९१८ च्या आधीची छोटी व्यक्तिचित्रं चालतात, पण त्यांची सरकारदरबारी नोंद हवी. तो आकाशाकडे बघायला लागला. तसंही मला ते घरी नेता आलं नसतं, आपला कायदा त्याहून कडक.

जुन्या खुर्च्यांवाल्या एका म्हाताऱ्याकडे मात्र अर्धा तास गेला. मी ढालवालीचं वर्णन केलं. त्याने शेजारच्या खुर्चीची बैठक उचलली आणि चौकटीच्या आतल्या कडेला बोट ठेवलं. पटाशीने मारलेल्या तीन रेघा. बैठकीच्या चौकटीवरही तीनच. खुर्च्या सहा, आठ, बारा अशा संचात व्हायच्या. प्रत्येकीचं माप केसभर वेगळं, म्हणून कोणाची बैठक कोणाला हे कळायला सुतार रोमन आकडे मारून ठेवत. "तुमच्या खुर्चीखाली बघितलंत का?" त्याने विचारलं. मी गप्प. चाळीस वर्षं त्या खुर्चीवर बसले, आणि बाबांची मुलगी!

आता माझी फजिती. पाऊस वाढला तेव्हा एका ठेल्यावर निळ्या जास्परची डबी दिसली, पांढऱ्या उठावाच्या ग्रीक बायका, नाचणाऱ्या. हे जोसाया वेजवुडचं काम. तो इंग्लंडातला कुंभार, त्याने १७६९ मध्ये कारखाना उघडला तर नाव ठेवलं एट्रुरिया, तीच ती भांड्यांबद्दलची चूक. हजारो प्रयोग करून १७७० च्या दशकात त्याने ही निळी माती साधली, ज्यामुळे रोमन उठावचित्रं बटणाएवढी करून कोणालाही विकता आली. विक्रेता म्हणाला, "अठराव्या शतकातलं, मॅडम." पंचेचाळीस पौंडाला दिली, लगेच कागदात गुंडाळली. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता वन्संनी सहज उलटी केली.

"वहिनी, अठराव्या शतकात 'मेड इन इंग्लंड' लिहायचे का हो?"

१८९१ पर्यंत खाली नुसतं वेजवुड, त्यानंतर देशाचं नाव, आणि 'मेड इन' म्हणजे तर थेट विसावं शतक. हे मला तोंडपाठ होतं. उलटी मात्र केली नव्हती. वन्संनी त्यात सुपारी भरली.

रविवार

सर जॉन सोनचं घर. डोकं दुखत होतं, त्यामुळे थोडक्यात. हा वास्तुकार जमेल ते जमवत गेला. तळघरात सेती राजाची इजिप्शियन शवपेटी आहे, १८२४ मध्ये दोन हजार पौंडांना घेतलेली. अॅडमच्या कचेरीतले सुमारे नऊ हजार कागदही त्याने १८३३ मध्ये विकत घेतले. ऑस्टर्लीचा तो पलंग आधी या कागदांवर निजलाय.

मला बघायची होती वरची प्रतिकृतींची खोली. बुचाच्या लाकडातलं पाँपेई, सन १८२० च्या सुमाराचं, उत्खनन झालं तेवढंच केलेलं. आणि फुके नावाच्या फ्रेंच कारागिराची प्लॅस्टरची वीस देवळं, पांढरीशुभ्र, अखंड, कधीच न मोडलेली. पडझड दाखवायला बूच, मूळ रूप दाखवायला प्लॅस्टर. दिवाळीच्या किल्ल्यासमोर बसावं तशी मी त्यांच्यापुढे बसून राहिले असते, पण तिथे बसू देत नाहीत.

सोमवार

केनवुड. हॅम्पस्टेडच्या माळावरचं घर, २१० नंबरची बस दारात सोडते. अॅडमचं वाचनालय इथलं, १७६७ ते ६९ मधलं. दोन्ही टोकांना अर्धगोल, वर कमानीचं छत, झुक्की या चित्रकाराची चित्रं, गुलाबी आणि निळा रंग. वॉलेसमधलं कपाट बघून आल्यामुळे हे रंग आता मला भडक वाटले नाहीत. हे असंच असणार होतं. घर लॉर्ड मॅन्सफील्डचं. याच न्यायाधीशाने १७७२ मध्ये निकाल दिला की इंग्लंडात आलेल्या गुलामाला जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही. त्याची कृष्णवर्णीय नातेवाईक डायडो बेल याच घरात वाढली. वरच्या मजल्यावर लघुचित्रं आणि बुटांची बक्कलं आहेत. बक्कलांवरसुद्धा तीच माळ, तोच तोल. खालच्या छतावरून निघालेली नक्षी पार पायापर्यंत उतरलीय.

बाहेर हिरवळीवर बसून भावाला व्हिडिओ कॉल लावला. इथे चार, तिथे साडेआठ. बटाट्याची भाजी फोडणीला होती.

"ढालवालीची बैठक काढ."

"आत्ता? ताई, अगं कुकर..."

"काढ रे."

टॉर्च लावून त्याने चौकटीच्या आत पाहिलं. बराच वेळ नुसतं छत दिसत होतं. मग म्हणाला, "आहे काहीतरी. इंग्रजी व्ही आणि रेघ. दोन रेघा. की एकच... दुसरी भेग असेल."

"नख फिरव. अडकलं तर पटाशी, घसरलं तर भेग."

"अडकतंय."

सात. मी म्हटलं, आता बैठकीची चौकट उलटी कर.

"चार रेघा. नुसत्या उभ्या." तो थांबला. "ताई, ही बैठक हिची नाहीच."

"त्या घरात आणखी खुर्च्या असणार. चौथीची बैठक आपल्याकडे, आणि सातवीची..."

"म्हणून ती इतकी वर्षं टक् वाजते होय! आणि बाबा पुठ्ठा कोंबत बसले." मागे कुकरची शिट्टी झाली. "आता हा पुठ्ठा परत घालू की राहू दे?"

"घाल," मी म्हटलं. "होता तसाच घाल."